विवादी स्वराचा अधिकार

न्यायालयाच्या पायऱ्या वीस-बावीस वर्षे झिजविलेल्या माणसाने संगीतशास्त्राचा ग्रंथ उघडला, तर त्यास परक्या घरात शिरल्यासारखे वाटत नाही. तेथेही वादी आहे, संवादी आहे, विवादी आहे. आमच्या व्यवसायात वादी म्हणजे दावा घेऊन येणारा; त्याच्यासमोर प्रतिवादी उभा राहतो आणि दोघांमधील कलहास विवाद म्हणतात. संगीतात वादी हा रागाचा मुख्य स्वर, संवादी त्याच्याशी जुळणारा, अनुवादी त्या दोघांच्या मागून चालणारे, आणि विवादी तो, की ज्याच्या येण्याने रागाचे रूप बिघडते. धातू एकच, ‘वद्’ म्हणजे बोलणे. कोणी कोणाशी कसे बोलावे, हाच दोन्ही शास्त्रांचा मूळ प्रश्न.

हे नाते केवळ शब्दांचे नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी, सिंघण राजाच्या कारकिर्दीत, ‘संगीतरत्नाकर’ लिहिणारा शार्ङ्गदेव हा राज्याच्या जमाखर्चाचा वरिष्ठ अधिकारी होता. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानी संगीताची विखुरलेली परंपरा नियमांच्या सूत्रात ओवणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे तर १८८७ साली कायद्याची पदवी घेतलेले वकील. एकाचा हात दप्तरावर बसलेला, दुसऱ्याचा कज्जेदलालीत काही काळ तरी मळलेला. स्वरांची दरबारी व्यवस्था लावताना शार्ङ्गदेव सांगतो, की वादी हा राजा, संवादी त्याचा अमात्य, अनुवादी सेवक, आणि विवादी वैरी.

हा शेवटचा शब्द आम्हांस पुष्कळ दिवस बोचत आहे. सात शुद्ध आणि पाच विकृत अशा बारा जणांच्या या लहानशा घरात वैरी कोण, आणि तो वैरी ठरला कशाने? ठरलाच असेल, तर जाणते गवई त्याला मागील दाराने आत का घेतात आणि श्रोते नेमक्या त्याच क्षणी माना का डोलावतात? या प्रश्नाकडे आम्ही निव्वळ रसिकतेने वळलो, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. आमच्या हातून घडलेल्या एका गोष्टीने आम्हांस तिकडे वळविले. ती गोष्ट तिच्या जागी सांगू. आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात स्वरांचा हा चतुर्विध विचार केला, तेव्हा त्यात राजा नव्हता आणि वैरीही नव्हता. होते ते केवळ अंतर. सप्तकाच्या बावीस श्रुती. त्यांत ज्या दोन स्वरांमध्ये नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर आहे ते परस्परांचे संवादी. षड्ज आणि मध्यम, षड्ज आणि पंचम या अशा जोड्या. ज्यांच्यामध्ये दोनच श्रुतींचे अंतर, म्हणजे फिरून मोजले तर वीस श्रुतींचे, ते परस्परांचे विवादी. भरतांच्या षड्जग्रामात ऋषभ आणि गांधार, धैवत आणि निषाद या त्या जोड्या. येथे थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. भरतांनी गांधाराला विवादी म्हटले नाही; गांधार ऋषभाचा विवादी आहे आणि ऋषभही गांधाराचा, एवढेच म्हटले. विवाद हा दोघांमधला असतो. न्यायालयातही एका दाव्यातील वादी शेजारच्या खोलीतील दुसऱ्या दाव्यात प्रतिवादी म्हणून उभा असतो. कपाळावर कोणाच्याही काही लिहिलेले नसते.

पुढच्या काळात या शब्दाचा अर्थ सरकला. आज विवादी म्हणजे रागाच्या नियमात न बसणारा स्वर, असा सरसकट व्यवहार आहे. अंतर गेले आणि सदस्यत्व आले, असे वकिली भाषेत म्हणता येईल. तरीही जुनी गोष्ट पूर्णपणे पुसली गेली नाही, कारण तीव्र मध्यम हा यमनात घरचा लाडका आहे आणि तोच दुर्गेत शिरला तर राग मोडतो. दोष मध्यमाच्या जन्मात नाही. तो कोणाच्या घरी आला यात आहे.

कानाला हे बोचणे जाणवते तरी कसे? याचे उत्तर जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दिले, आणि ते तंबोरा हाती धरणाऱ्या कोणासही पडताळून पाहता येईल. आपल्या क्रमिक पुस्तकांत षड्जाची सेकंदाला २४० आंदोलने धरतात. त्या हिशेबाने पंचमाची ३६० होतात. २४० आणि ३६० यांचे प्रमाण दोनास तीन, म्हणून दोन्ही नाद एकमेकांत मुरतात. कोमल ऋषभाची आंदोलने २५६. षड्जाबरोबर तो वाजला की दोहोंमधील फरकाइतके, म्हणजे सेकंदाला सोळा, ठोके उमटतात. नाद सोळा वेळा फुगतो आणि सोळा वेळा ओसरतो. शास्त्रीय परिभाषेत यांना विस्पंद म्हणतात. विस्पंद अगदी संथ असतील तर कानास ते गोड वाटतात. तंबोऱ्याची तार लावताना आपण त्यांचीच वाट पाहत असतो, ते थांबले की तार लागली. पण त्यांची गती वाढली की नादाला खरखर येते, आणि सेकंदाला तीस-चाळीसच्या आसपास ती खरखर सर्वांत अधिक जाणवते असे हेल्महोल्ट्झचे निरीक्षण. तीव्र मध्यमाची आंदोलने साडेतीनशेच्या अलीकडे, ३३७.५, पंचमाशी त्याचा फरक साडेबावीस. तंबोऱ्यावर पंचम अखंड झंकारत असताना तीव्र मध्यमावर थांबणे, म्हणजे दाराच्या उंबऱ्यावर उभे राहणे. माणूस तेथे फार वेळ उभा राहू शकत नाही. तो आत तरी येतो, नाहीतर परत तरी फिरतो.

येथे आपल्या शेजाऱ्यांचीही थोडी आठवण करावी, कारण गोव्यात देवळाचा सभामंडप आणि चर्चमधील गायनवृंद ही दोन्ही शतकानुशतके एकमेकांच्या कानी पडत आली आहेत. षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतराला, म्हणजे तीन पूर्ण स्वरांच्या उडीला, युरोपातील जुने संगीतकार टाळत असत आणि त्याला ‘संगीतातील सैतान’ असे नाव पडले. चर्चने या अंतरावर बंदी घातली होती अशी एक चटकदार कथा सांगितली जाते. तिला आधार नाही. हे नाव छापील ग्रंथांत दिसते ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीस, आणि तेही शिष्यांना रचनेचे नियम शिकविणाऱ्या पंतोजींच्या तोंडी. मौज अशी, की ज्या अंतराला सैतान म्हटले त्याच्याचवर पुढे युरोपीय संगीताचा डोलारा उभा राहिला. त्यांच्या स्वरमेळात शेवटच्या विश्रांतीच्या आधी जो ताण येतो, तो हेच अंतर आणते. त्यातील निषाद वर षड्जाकडे ओढ घेतो, मध्यम खाली गांधाराकडे झुकतो, आणि ऐकणाऱ्याला घरी पोहोचल्याचे समाधान मिळते. गोव्यातील मांडो ऐकलेल्या प्रत्येकाने, नाव माहीत नसले तरी, ही ओढ अनुभवलेली आहे. वैऱ्याच्या हातूनच घराचे दार उघडते, हा अनुभव एकट्या आपल्याच परंपरेचा नव्हे.

आता आपल्या गवयांकडे वळू. केदार, हमीर, छायानट या रागांत कोमल निषाद नियमाने बसत नाही. तरीही अवरोहात, धैवतावरून पंचमाकडे उतरताना, गवई त्याचा निसटता स्पर्श देतो. सभामंडपात एकादशीच्या भजनास बसलेल्या ज्या वाचकांनी चांगला केदार ऐकला असेल, त्यांना ती जागा आठवेल. भातखंडे यांनी हा व्यवहार नाकारला नाही. प्रमाणात घेतलेला विवादी रागाची रंजकता वाढवितो, असे त्यांच्या पद्धतीत मान्य आहे, आणि त्याला दृष्टान्त दिला आहे तो पांढऱ्यात मिसळलेल्या किंचित काळ्याचा; त्या काळ्यामुळे पांढरेपण अधिक खुलते.

परंतु हाच कोमल निषाद शिकाऊ मुलाच्या गळ्यातून आला, तर गुरुजी तंबोरा थांबवितात. मग भेद कोणता? मोठ्याला सर्व माफ, लहानाला शिक्षा, एवढाच हा न्याय असेल तर त्यात शास्त्र कसले? आम्हांस असे वाटते, की भेद अधिकाराचा नसून जबाबदारीचा आहे. कायद्यात जो असाधारण गोष्ट सांगतो, शाबितीचा बोजा त्याच्यावर पडतो. विवादी घेणाऱ्या गवयावरही तो पडतो आणि त्याची मुदत फार थोडी असते, पुढच्या चार-पाच स्वरांची. तेवढ्यात त्याने दाखवावे लागते, की हा स्वर पाय घसरून आला नाही, तो आणला गेला आहे, आणि त्याच्या येण्यापूर्वी पंचम जेथे होता तेथेच तो आता असला तरी तसाच राहिलेला नाही. शिकाऊ मुलाला हे दाखविता येत नाही; स्वर येऊन गेला हेच त्याला गुरुजींच्या चेहऱ्यावरून कळते. बेसूर आणि विवादी यांच्यामधील भिंत ही एवढीच आहे. ती पातळ आहे हे कबूल केले पाहिजे.

भैरवीची गोष्ट निराळी. तिने आपले दार सताड उघडे ठेवले आहे. ठुमरीच्या अंगाने गाणारे तिच्यात बाराही स्वरांना बोलावतात आणि कोणी तक्रार करीत नाही. अंत्रुजातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली दोन व्हॉयेजर यानांवरील तबकड्यांतून पृथ्वीबाहेर गेली. दुसरे यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर रोजी, बाई निवर्तल्या. परक्या ताऱ्यांकडे पाठविण्यास निवडलेल्या आपल्या देशाच्या त्या एकुलत्या गाण्याचा राग सर्वांत उदार असावा, हा योगायोग आम्हांस आवडतो. पण प्रत्येक राग भैरवी झाला तर राग म्हणून काही उरणार नाही, हेही खरे. केदार हा केदार राहावा आणि त्यात कोमल निषादही यावा, हा अवघड भाग आहे.

त्याहून विचार करण्याजोगा आहे तो बिहाग. भातखंडे यांच्या वर्गवारीत बिहाग बिलावल थाटात बसविला आहे. म्हणजे त्यात मध्यम शुद्ध, आणि तीव्र मध्यम हा पंचमाच्या आधाराने हळूच डोकावून जाणारा विवादी. आज बिहाग ऐकावा. पंचमावरून तीव्र मध्यम, मग गांधार, शुद्ध मध्यम, पुन्हा गांधार, ही संगती कानी पडली की श्रोता डोळे मिटून सांगतो, हा बिहाग. पाहुणा म्हणून आलेला स्वर घराची ओळख होऊन बसला. वर्गवारीचे पुस्तक मात्र अजून त्याला बिलावलाच्या रकान्यात ठेवते आणि त्याच्या नावापुढे विवादी असा शेरा मारते. पुस्तकावर आमचा राग नाही. दप्तर नेहमीच व्यवहाराच्या मागून चालते. पण तीन-चार पिढ्यांपूर्वीच्या कोण्या कडक गुरूने तो स्वर समूळ खरडून काढला असता, तर आजचा बिहाग आपल्याला मिळालाच नसता.

हे वाचताना आम्हांस आमच्या क्षेत्रातील एक निकाल आठवतो. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढील जबलपूरच्या प्रकरणात प्रश्न होता, की स्थानबद्ध केलेल्या माणसाला आपली अटक बेकायदेशीर आहे असे म्हणून बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करता येतो काय. चौघांनी सांगितले, नाही. न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने सांगितले, येतो. पुढल्या वर्षी जानेवारीत सरन्यायाधीशपद त्यांना डावलून कनिष्ठाकडे गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या दिवशीच्या हिशेबात ते विवादी; शार्ङ्गदेवाच्या भाषेत वैरी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो चौघांचा निकाल रद्द ठरविला आणि खन्ना यांचे म्हणणे बरोबर होते असे सांगितले. एक्केचाळीस वर्षे लागली. आमच्या मनात अधिक भरते ती दुसरीच गोष्ट. ही एक्केचाळीस वर्षे तो मतभेद कोठे होता? तो निकालाच्या त्याच ग्रंथात, चौघांच्या मतांबरोबर, अक्षरशः छापलेला होता. बहुमताने त्याला हरविले. पण बहुमताला त्याचे पान फाडता आले नाही. आमच्या न्यायव्यवस्थेचे शेकडो दोष आम्ही रोज पाहतो, तरी हा तिचा शहाणपणा मान्य केला पाहिजे, की हरलेला स्वर ती लिहून ठेवते.

आता आमची गोष्ट.

आमच्या देवस्थानचे नाव आम्ही सांगत नाही, कारण दोष देवस्थानचा नसून आमचा आहे. पोर्तुगीज राजवटीत १९३३ साली झालेल्या आणि गोव्यात आजही लागू असलेल्या नियमांखाली चालणारे ते एक मध्यम प्राप्तीचे देवालय. आम्ही तेथील महाजन, आणि समितीला कायद्याचा सल्ला फुकट देणारे. २०२३ सालच्या सर्वसाधारण सभेपुढे विषय होता, सांजआरतीच्या वेळी विजेवर चालणारे नगारा-घंटेचे यंत्र घेण्याचा. यंत्र कळ दाबताच वाजते. त्याला सुतक येत नाही, ते तापाने आजारी पडत नाही. चौघडा वाजविणारे पिढीजात घराणे आता दोघांवर आले होते, आणि त्यांतील एक जण वारंवार उशिरा येई, हेही खरे. बहुतेकांचे मत यंत्राच्या बाजूचे. आमचेही तेच.

एक वृद्ध महाजन उठले. पूर्वी शाळेत शिक्षक, भजनात केदार गाणारे. आम्ही वर ज्या कोमल निषादाविषयी लिहिले तो प्रथम आम्ही यांच्याच तोंडून लहानपणी ऐकला. त्यांनी यंत्राला विरोध केला असे म्हणणेही पुरते बरोबर नाही. यंत्र घ्यायचे तर त्याआधी त्या दोन वाजंत्र्यांच्या घरचे काय, ते ठरवावे, अशी त्यांची सूचना होती. त्यांचा तंटा देवळाशी चाललेला नव्हता. त्यांचे कोणी त्या घरात नात्याचे नव्हते. सभेत चुळबुळ सुरू झाली. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले. आणि आम्ही, ज्या कामात आमचा हातखंडा आहे ते केले. सूचना विषयपत्रिकेवर नाही, यंत्राची खरेदी हा विषय आहे, वाजंत्र्यांच्या मोबदल्याचा नाही, सबब ती आज विचारात घेता येत नाही, असे सांगितले. कायद्याच्या दृष्टीने ते चूक नव्हते. मास्तर क्षणभर उभे राहिले आणि कोंकणीत म्हणाले, “वकील बाब, म्हजें म्हणणें बरोवन घेयात, मागीर तुमकां जाय तें करात.” त्यांनी सूचना मान्य करा असे म्हटले नव्हते. लिहून घ्या, एवढेच.

जे विचारातच घेतले नाही ते इतिवृत्तात कसे येणार, असे आम्ही हसून उत्तर दिले. मते मागितली तेव्हा यंत्राच्या विरोधात कोणाचा हात वर नव्हता. मास्तरांचाही नव्हता, कारण त्यांचा विरोध यंत्राला नव्हताच. त्या रात्री आम्ही स्वहस्ते इतिवृत्त लिहिले: ठराव सर्वानुमते संमत.

यंत्र आले. चौघड्याचे मानधन थांबले. मास्तर आरतीस नियमाने येतात, अंगारा घेतात, भेटल्यास कुशल विचारतात. सभेस मात्र ते पुढच्या वर्षी आले नाहीत. ती सभा पाऊण तासात आटोपली. हिशेब वाचला, मंजूर झाला, चहा झाला. इतकी सुरळीत सभा आपल्या देवस्थानात पूर्वी झाली नव्हती असे कोणी तरी कौतुकाने म्हणाले, आणि आम्हांस पहिल्यांदा चुकल्यासारखे वाटले.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही मारवा शिकविणाऱ्या एका पाठाच्या मागे लागलो होतो. (पन्नाशीकडे झुकलेल्या वकिलाने गाणे शिकू नये असा नियम आम्हांस कोठे आढळला नाही.) मारवा हा सूर्यास्ताचा राग. त्यात पंचम नाही, आणि ज्याच्या आधाराने सगळे उभे असते त्या षड्जालाही गवई दूर ठेवतो. कोमल ऋषभ आणि धैवत यांवर पुनःपुन्हा थांबतो. पुस्तकात लिहिले होते, वादी ऋषभ, संवादी धैवत. आम्ही सवयीने हिशेब मांडला. कोमल ऋषभाची आंदोलने २५६. त्याचा खरा संवाद, दोनास तीन या प्रमाणात, ३८४ वर हवा. तो कोमल धैवत झाला, आणि भैरव रागात तो तसा आहेही. मारव्यातील धैवत शुद्ध, म्हणजे ४००. सोळा आंदोलनांनी चुकलेला. भरतांच्या मापाने या दोघांत संवाद नाही. कान काही क्षणांत सांगतो तेच आकडाही सांगतो. अनेक जाणत्यांनी या नोंदीवर पूर्वीच बोट ठेवले आहे. पण प्रत्येक रागाला वादी-संवादीचा रकाना हवा, आणि रकाना रिकामा ठेवणे दप्तराला जमत नाही. म्हणून जेथे संवाद नाही तेथेही संवादी असे लिहिले गेले. मारवा मात्र जसा आहे तसाच गायिला जातो. त्याची सारी व्याकुळता त्या न जुळण्यात आहे. कोणी तो धैवत ओढून ३८४ वर आणला, तर पुस्तक खरे ठरेल आणि मारवा नाहीसा होईल.

आमच्या हातचा ‘सर्वानुमते’ हा शब्द त्या रकान्यातलाच होता.

येथे एक आक्षेप आम्ही स्वतःच घेतो, कारण दुसऱ्या कोणी घेण्याची वाट पाहणे बरे नव्हे. स्वर आणि माणूस यांची ही तुलना कोठवर ताणावी? कोमल निषादाला घर नाही, सुना-नातवंडे नाहीत. त्याला केदारातून वगळले तर त्याची चूल विझत नाही. शिवाय पांढऱ्यात किंचित काळे हा दृष्टान्त माणसांना लावू लागलो, तर त्यातून एक वाईट सवय जडण्याचा संभव आहे. सभेत एखादा मास्तर असावा, त्याने वर्षातून एकदा बोलावे, आपण त्याचे कौतुक करावे आणि मग ठरलेलेच करावे. त्यामुळे आपले पांढरेपण खुलते. विवादीला शोभेची वस्तू करून टाकणे हा त्याला वैरी म्हणण्याहून सभ्य असा अपमान आहे. शार्ङ्गदेव निदान त्याला गांभीर्याने घेत होता. वैऱ्याशी तह तरी करावा लागतो.

तेव्हा तुलनेतून आम्ही एवढेच घेतो, की जो जुळत नाही त्याला जुळतो असे लिहू नये. त्याचे म्हणणे मान्य करण्याचे बंधन आमच्यावर नव्हते. मास्तरांची सूचना मतास टाकली असती तर ती बहुधा पडलीच असती, आणि त्या पडण्यात कोणाचा अपमान नव्हता. पण पडलेली सूचना इतिवृत्तात राहते. उद्या त्या घरातील मुलगा मोठा होऊन देवस्थानचे पुस्तक मागेल, तेव्हा त्याला निदान दिसेल, की आपल्या आजोबांच्या मानधनाविषयी त्या संध्याकाळी एक माणूस बोलला होता. आम्ही जे लिहिले त्याप्रमाणे कोणीच बोलले नव्हते.

कायद्याने आता काय करता येईल, याचा आम्ही विचार केला. मंजूर झालेले इतिवृत्त कोणा एकाला खोडता येत नाही, आणि येऊही नये. मात्र पुढील सभेपुढे दुरुस्तीचा प्रस्ताव ठेवता येतो. तो आम्ही लिहिला आहे. त्यात मास्तरांचे म्हणणे, जसे आठवते तसे, कोंकणीतच उतरविले आहे, आणि ‘सर्वानुमते’च्या जागी ‘बहुमताने’ असा शब्द सुचविला आहे. आणखी एक ओळ आहे, वाजंत्र्यांच्या मानधनाचा विषय या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा अशी. ती पत्रिकेत वेळेवर जावी म्हणून प्रत अध्यक्षांकडे पोहोचती केली आहे.

मसुदा घेऊन आम्ही मास्तरांकडे गेलो होतो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, एके ठिकाणी शुद्धलेखन सुधारले आणि कागद परत दिला. सभेस येणार काय, असे आम्ही विचारले. त्यावर ते काही बोलले नाहीत. सांज होत आली होती. देवळाकडून यंत्राचा नगारा ऐकू येऊ लागला, अगदी वेळेवर, आणि तो संपेपर्यंत आम्ही दोघेही ओसरीवर तसेच बसून राहिलो.